उभ्या मक्यात आभाळातून पेरणी

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फवारणीची छोटी विमानं मक्याच्या तुऱ्यांवरून अगदी खालून उडू लागतात. वाटतं, औषध मारतायत. पण खाली पडत असतं बियाणं! कणसं अजून ताटांवरच, आणि त्याच रानात दुसरं पीक पेरलं जातंय. तेही असं, की ज्याची कापणी बहुधा कुणी करणारच नाही.

हे बी बहुतेकदा 'राय'चं असतं. गव्हाच्या गोतातलं धान्य, आपली मोहरी नव्हे. भलतंच चिवट: गोठणबिंदूच्या अंश-दोन अंश वरही रुजतं आणि हिवाळा काढून वसंतात पुन्हा वाढीला लागतं.

पण एवढी घाई कशाला? मका-सोयाबीन निघेपर्यंत ऑक्टोबर येतो, थंडी पडू लागते. पुढची पेरणी थेट एप्रिल-मेमध्ये. मधल्या काळात जमीन उघडी, पण मातीतले जीवाणू काही स्वस्थ बसत नाहीत. ऊब आहे तोवर ते नायट्रेट बनवत राहतात आणि ते शोषायला एकही जिवंत मूळ नसतं. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात, तिथून मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे शेवाळ माजतं, मरून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. 2017 साली हा गुदमरलेला पट्टा सुमारे 22,700 चौरस किलोमीटर भरला होता! रायची मुळं हे नत्र शेतातच अडवतात. पाण्यात जाणारं नत्र कमी करण्याच्या आयोवाच्या आराखड्यात रायमुळे नायट्रेटची गळती सरासरी 31 टक्क्यांनी घटते असं धरलं आहे.

सोयाबीनमधली वेळ तर बघण्यासारखी. पानं पिवळी पडावीत, पण गळू नयेत, तेवढ्यात बी फोकायचं. मग गळणारा पालाच बी झाकतो, ओल धरतो. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला यात फारसं नवल वाटणार नाही. उभ्या धानात लाखोळी, जवस फोकायची उतेरा पद्धत तिकडे जुनीच आहे.

अर्थात सगळा खेळ पावसावर. काही बी पानांच्या बेचक्यात अडकतं, काही उंदीर-पाखरं फस्त करतात. म्हणून ते जास्तच टाकावं लागतं. वसंतात राय वेळेवर मारावीही लागते. पुढे सोयाबीन असेल तर फारशी चिंता नाही. मका असेल तर मात्र पेरणीच्या दहा-चौदा दिवस आधीच, कारण तिचं जून काड कुजवताना जीवाणू नत्र स्वतःकडे ओढतात आणि मक्याचं कोवळं रोप पिवळं पडतं.