गाडी डांबरावर, आपण वाळूवर

रील्समधली कॅम्पर व्हॅन आधी डोक्यातून काढून टाका. ती पांढऱ्या पडद्यांची, पिवळ्या दिव्यांच्या माळांची. आमची होती मित्राच्या मामांची जुनी व्हॅन. सरकतं दार, सीटखाली इंजिन, आणि मागची सीट दुमडून त्यावर टाकलेली प्लायवूडची फळी. तोच आमचा बेड. (सीट कायमच्या काढून आत घर थाटायचं असेल, तर आधी आरटीओत विचारा. नोंदणीच्या कागदावर आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करून चालत नाही.)

आम्ही तिघं. जोधपूरपर्यंत रेल्वे, तिथून पोखरणमार्गे जैसलमेर. अंतर तीनशे किलोमीटरच्या आत, पण जुन्या गाडीला घाई चालत नाही. तापमानाचा काटा चढला की बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि चहा शोधायचा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाडमेर रस्त्यावरचं आकल गाठलं. इथे दगड झालेली झाडं आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. आजूबाजूला धड सावली नाही आणि पायाशी जंगल! तासभर कुणी मोबाइलकडे बघितलं नाही.

दुपारनंतर खुरी. आणि इथे आम्ही माती खाल्ली, म्हणजे वाळूच. जीपच्या चाकांच्या खुणा दिसल्या, टेकडी शंभर पावलांवर होती. ‘जाईल रे!’ असं कोण म्हणालं, यावर अजून भांडण आहे. गाडी वीस पावलं गेली आणि रुतली. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तशी चाकं आणखी खाली गेली.

तुमच्यावर ही वेळ आली, तर पहिलं काम म्हणजे पाय काढा. चाकांपुढची वाळू हातांनी उपसा. टायरमधली थोडी हवा सोडा. टायर पसरतो आणि वाळूवर भार विभागला जातो. इंजिनचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांच्यापुढे फळी किंवा पायपुसणी टाका आणि हळू बाहेर काढा. आमचे दीड तास आणि बेडची फळी गेली. डांबरावर आल्यावर हवा परत भरावी लागते, म्हणून पायपंप जवळ हवाच.

खरी चूक मात्र रात्री होणार होती. डिसेंबरात इथलं तापमान दहा अंशांच्या खाली जातं. हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभराची उष्णता बघता बघता निघून जाते. ज्यांच्या अंगणात गाडी लावली होती, त्या आजोबांनी शेकायला सिगडी दिली. झोपताना आम्ही ती उचलून आत घ्यायला निघालो. ते धावतच आले. ‘बेटा, आग बाहर, रजाई अंदर!’

तेव्हा हसू आलं. नंतर अर्थ कळला. बंद गाडीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतला माणूस उठतच नाही. आपण तिघंही सायन्सवाले, बारावीला हे शिकलेलो, आणि थंडी वाजल्यावर कुणालाच आठवलं नाही. तुम्ही ही एवढी एक ओळ लक्षात ठेवलीत तरी लेख वसूल.

आणखी दोन गोष्टी. सीमेकडच्या भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून घुसू नका. आणि जवळच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोकचं घर. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आपण जवळजवळ गमावलेला हाच तो पक्षी. त्यामुळे स्पीकर घरी ठेवा आणि कचरा परत आणा.

शेवटच्या पहाटे आम्ही गाडी रस्त्याकडेला उभी केली आणि टेकडीपर्यंत चालत गेलो. आदल्या दिवशी जिथे दीड तास घालवला, ते अंतर पायी पाच मिनिटांचंही नव्हतं. वर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच येत होता. खाली आमचा डबा बारीकसा दिसत होता.

जा नक्की. फक्त गाडी कुठे थांबवायची, हे निघायच्या आधी ठरवा.