गाळणीत अडकलेली हवा
लेखमाला – डिझेलच्या धुरामागे : लेखांक 6

ट्रक ढाब्यावर लागतो, ड्रायव्हर किल्ली फिरवतो, इंजिन शांत होतं. तरीही चासीच्या बाजूने एक बारीक घरघर येत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. बीएस-6 गाड्या चालवणाऱ्यांच्या कानाला हा आवाज आता सवयीचा झाला आहे. तो युरियाच्या पंपाचा असतो. सायलेन्सरजवळच्या नोझलपासून मागे, नळीत उरलेला सगळा द्रव तो टाकीकडे परत ओढून घेतो. त्यासाठी नोझल उघडं ठेवलं जातं आणि द्रवाने रिकामी केलेली जागा हवा भरून काढते. म्हणजे इंजिन बंद झालं की ही यंत्रणा दर वेळी आपल्या नळ्यांत जाणूनबुजून हवा घेते आणि पुन्हा चालू झाली की तीच हवा बाहेर घालवत बसते. या आटापिट्यात फिल्टरचं काय होतं, हा आजच्या लेखांकाचा विषय आहे. युरियाच्या यंत्रणेतल्या किती तरी कटकटींचं मूळ मला इथेच दिसतं, आणि गॅरेजमध्ये मात्र फिल्टरचा विचार ‘किती घाण अडवतो’ एवढ्यापुरताच होतो.

गेल्या वेळी आपण पाहिलं, की हा द्रव म्हणजे डीईएफ : 32.5 टक्के युरिया आणि बाकीचं क्षारमुक्त पाणी. गरम धुरात युरियाचं विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडांचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं आणि मोठ्या ट्रकना ही यंत्रणा जवळपास अटळ ठरली. मग नळ्या रिकाम्या कशासाठी करायच्या? एक कारण थंडीचं. हा द्रव उणे 11 अंश सेल्सिअसला गोठतो आणि गोठताना सुमारे 7 टक्क्यांनी फुगतो. आपल्याकडे अशी थंडी पडत नाही हे खरं. पण नाशिकचा कांदा घेऊन निघालेली गाडी जानेवारीत काश्मीरच्या घाटात उभी राहू शकते. दुसरं कारण उष्णतेचं, आणि ते विदर्भातल्या मे महिन्यात रोजचं आहे. गरम नोझलमध्ये द्रव तसाच राहिला तर पाणी उडून जातं आणि मागे युरियाचे पांढरे खडे राहतात.

आता प्रमाण लक्षात घ्या. भरलेली गाडी ताशी 60 किलोमीटरने जातेय आणि लिटरला 4 किलोमीटर देतेय असं धरलं, तर तासाला 15 लिटर डिझेल लागतं. डीईएफचा खर्च डिझेलच्या साधारण 3 ते 6 टक्के असतो. 5 टक्के धरले तर तासाला पाऊण लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम 12-13 मिलिलिटर. जेवणाच्या टेबलावरचे दोन-अडीच छोटे चमचे. मोठ्या नळीतून जोराने पाणी वाहतं तेव्हा बुडबुडे त्याच्याबरोबर ओढले जातात. इथे प्रवाह इतका मंद, की बुडबुडा वर चढून बसला की बसला. आणि वर म्हणजे कुठे? बहुतेक वेळा फिल्टरच्या घराच्या माथ्याशी.

या फिल्टरचं कापड पाण्याला चटकन धरणारं असतं. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत द्रव शिरला की पृष्ठताणामुळे तिथे पक्का ठाण मांडतो. बादलीत शर्ट भिजवताना आत हवा राहिली की त्याचा फुगा होतो आणि दाबला तरी सहज बसत नाही, हा अनुभव घराघरात आहे. कोरड्या शर्टातून हवा आरपार जाते. ओल्या शर्टाची छिद्रं पाण्याने बुजलेली असतात, म्हणून हवा आत कोंडली जाते. फिल्टरमध्ये हेच घडतं, फक्त छिद्रं फार बारीक असल्यामुळे विरोध जबरदस्त असतो. हिशेब सरळ आहे: पृष्ठताणाच्या चौपटीला छिद्राच्या व्यासाने भागायचं. पाण्यासारख्या द्रवाने पुरतं भिजलेलं 10 मायक्रॉनचं छिद्र मोकळं करून हवा पार करायला सुमारे 0.3 बार दाब लागतो. छिद्र 1 मायक्रॉनचं असेल तर जवळजवळ 3 बार. छिद्र दहापट बारीक झालं की हवेला लागणारा दाब दहापट वाढतो.

इथे कुणीही म्हणेल, पंप तर 5 ते 9 बार दाब देतो, मग 0.3 बारची काय मातब्बरी? पण पंपाचा दाब फिल्टरच्या दोन्ही अंगांना जवळपास सारखाच असतो. हवेला ढकलतो तो दोन्ही बाजूंमधला फरक, आणि फिल्टर स्वच्छ असेल व प्रवाह मंद असेल तर तो फरक अगदी थोडा. त्यामुळे हवा वर थांबून राहते आणि द्रव खालच्या भागातून निमूट पुढे जातो. फिल्टरचा जितका भाग हवेने वेढलेला, तितका कामातून गेलेला. उरलेल्या भागावर सगळा भार येतो, तो लवकर भरतो, फरक वाढत जातो आणि एक वेळ अशी येते की तो हवेच्या मर्यादेपलीकडे जातो. मग अडकलेली हवा एकदम पार होते. नोझलपाशी द्रवाऐवजी फेस पोचतो, दाब डळमळतो आणि मात्रा चुकते. नोझल मोजतं ते स्वतः उघडं राहिल्याचा वेळ. त्या वेळात द्रव गेला की हवा, हे त्याला कळत नाही. नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर मात्र चूक पकडतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दोष तसाच राहिला तर गाडीचा जोर कमी केला जातो. घाटात भरलेल्या गाडीचा जोर जाणं म्हणजे काय, हे खंबाटकीत अडकलेल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून चांगल्या रचनेत हवेला वेगळी वाट ठेवलेली असते. फिल्टरच्या घराच्या माथ्याजवळ एक अगदी बारीक छिद्र आणि तिथून टाकीकडे परतणारी नळी. या वाटेने थोडा द्रव सतत परत जात राहतो आणि वर जमलेली हवा सोबत घेऊन जातो. छिद्र मोठं ठेवलं तर दाब टिकत नाही, फार बारीक ठेवलं तर एखाद्या खड्यानेही ते बंद होतं. हा तोल साधणं मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत नाजूक काम वाटतं. दुसरी युक्ती रुग्णालयात वापरात आहे. शिरेतून औषध देतानाच्या नळीवर काही वेळा एक चपटा फिल्टर असतो. त्यात दोन पडदे असतात, एक पाणी धरणारा आणि दुसरा पाणी झिडकारणारा. औषध पहिल्यातून पुढे जातं, हवा दुसऱ्यातून बाहेर पडते. हवा आणि द्रव दोघांना एकाच दारातून जायला लावायचं नाही, हेच दोन्हीकडचं सूत्र.

टाकीच्या आत, पंपाच्या चोखण (सक्शन) बाजूला जी जाळी असते तिथे मात्र ओल्या छिद्रांनी हवा अडवण्याचा हाच गुण उपयोगी पडतो. ती जाळी बरीच मोठ्या छिद्रांची असते. छिद्र 100 मायक्रॉनचं धरलं तर ओली जाळी सुमारे 30 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका विरोध हवेला करते. वळणावर टाकीतला द्रव एका बाजूला गेला आणि जाळी क्षणभर उघडी पडली, तरी तेवढ्यात ती हवा आत घेत नाही. टाकी फारच खाली गेली, जाळी सुकली, की हे संरक्षण संपलं. टाकी तळाला जाईपर्यंत थांबू नका, असं सांगण्यामागे हे कारण आहे.

डिझेलच्या लाइनने एअर घेतली की काय करायचं हे आपल्या मिस्त्रींना पाठ आहे. बोल्ट सैल करायचा, हँडपंप मारायचा, बुडबुडे संपून निखळ डिझेल आलं की आवळायचा. युरियाच्या लाइनला ही पद्धत चालत नाही. तिथे हवा काढण्याचं काम यंत्रणेनेच करायचं असतं: किल्ली दिल्यावर पंप दाब चढवतो, नोझल ठरावीक वेळा उघडतं, हवा सायलेन्सरमध्ये सुटते. सवयीने जोड सैल केला की दुहेरी नुकसान होतं. सांडलेला द्रव वाळून जोडाच्या खाचेत पांढरा थर बसतो, त्यावर ओ-रिंग नीट टेकत नाही, आणि चोखण बाजूला ती फट दिवसभर हवा ओढत राहते. बाहेर एक थेंबही गळत नाही, म्हणून दोष सापडत नाही. अशा वेळी जोड कोमट क्षारमुक्त पाण्याने धुवावा. 20 अंशाला 100 मिलिलिटर पाण्यात 100 ग्रॅमहून जास्त युरिया विरघळतो, तेव्हा घासाघीस करायची गरजच नाही. धुराच्या नळीत, नोझलच्या तोंडाशी जमणारे कठीण थर वेगळे. तिथे उष्णतेने बाययुरेट आणि सायन्युरिक आम्ल तयार झालेलं असतं, ते इतक्या सहज पाण्यात जात नाही.

हवा आणि घाण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं समजू नये. हवा जिथे थांबते तिथला ओला पृष्ठभाग सुकतो, सुकला की खडे धरतात आणि ते फिल्टरवर येतात. फिल्टरला घाण बाहेरूनच मिळावी लागते असं नाही.

याच्या उलट, फिल्टर ज्याला हात लावू शकत नाही अशीही घाण असते. आयएसओ 22241 या मानकानुसार डीईएफमध्ये न विरघळलेले कण किलोला 20 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, कॅल्शियम मात्र फक्त 0.5 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला 75 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्याजोगं बोअरचं पाणी टाकीत ओतलं तरी मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. आणि विरघळलेला क्षार कुठल्याही कापडी फिल्टरमधून जसाच्या तसा पार होतो. शेतीचा युरिया विरघळवून डीईएफ करणाऱ्यांनीही हे समजून घ्यावं. खतातल्या युरियात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये 0.3 टक्क्यांपर्यंतच. शिवाय 2015 पासून खताच्या युरियावर कडुनिंबाचं तेल असतं. अनुदानाचं खत शेतकऱ्याकडून काढून गाडीत घालणं गुन्हा आहेच, पण त्याने गाडीसुद्धा वाचत नाही.

साबणाचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. युरियाचा कॅन किंवा फनेल स्वच्छ असावं म्हणून लोक ते भांड्याच्या साबणाने धुतात. साबण पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो. वरच्या हिशेबात पृष्ठताण निम्मा झाला की हवेला अडवणारा दाबही निम्मा होतो. म्हणजे त्याच फिल्टरमधून हवा लवकर पार होते, आणि फेस होतो तो वेगळाच. कॅन धुवायचाच तर क्षारमुक्त पाण्याने, आणि तो फक्त डीईएफसाठीच ठेवायचा. डिझेलच्या फनेलने युरिया भरणं तर टाळाच. डिझेलने इथल्या रबरी सील फुगतात.

फिल्टर बदलताना झाकण उघडलं की मधोमध एक मऊ, दाबलं तर दबणारा तुकडा अनेक गाड्यांत दिसतो. नवशिका पोरगा तो पॅकिंगचा समजून बाजूला टाकतो. नळ्या रिकाम्या झाल्या तरी फिल्टरच्या घरात द्रव उरतो. तो गोठून फुगला तर जागा द्यायला हा तुकडा असतो. तो नसेल तर पहिल्या कडक थंडीत घर तडकण्याची भीती. म्हणून नव्या फिल्टरच्या खोक्यात आलेला तुकडा आठवणीने बसवा. केवळ मापाला बसतो म्हणून डिझेलचा कागदी फिल्टर तिथे लावू नका, आणि पितळी किंवा तांब्याचा जोडही नको. डीईएफ हे धातू हळूहळू खातं आणि विरघळलेलं तांबं थेट उत्प्रेरकापर्यंत पोचतं.

ज्यांच्या यार्डात बॅरलवरून गाड्या भरल्या जातात त्यांनी फिल्टरचं घर उभंच बसवावं आणि हवेचा स्क्रू माथ्यावर येईल असं पाहावं. नवा फिल्टर घातल्यावर पंप मंद चालवून स्क्रू थोडा उघडा ठेवायचा आणि बुडबुडे संपून सलग धार आली की बंद करायचा. इथे मिस्त्रींची जुनी सवय अगदी योग्य ठरते. बॅरलच्या श्वासाच्या छिद्रावर पांढरा थर बसला आहे का, तेही पाहावं. ते बुजलं की बॅरलमध्ये निर्वात तयार होतो, पंपाला द्रव मिळत नाही आणि दोष फिल्टरवर ढकलला जातो. गाडीच्या टाकीचंही तेच.

आणि ती सुरुवातीची घरघर. कित्येक मालक रात्री बॅटरीचा मेन स्विच बंद करायला सांगतात, चोरीच्या आणि शॉर्टसर्किटच्या भीतीने. त्यांचं चुकत नाही. पण किल्ली काढल्याबरोबर स्विच ओढला तर पंप अर्ध्यावर थांबतो. नळीत निम्मा द्रव, निम्मी हवा राहते. रात्रभरात त्या सीमेवर आणि नोझलच्या तोंडाशी खडे धरतात. सकाळी पंप तेच खडे आणि तीच हवा दाबाखाली घेतो. किती थांबायचं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हाताशी नसेल तर घरघर पूर्ण थांबेपर्यंत थांबावं, आणि मगच स्विच बंद करावा.

(पुढील लेखांकात : नोझलमधून सुटलेला थेंब भिंतीवर न आदळता वाफ कसा होतो)