घरची गाडी, घरचा पाना (लेखांक १२) : रॅकचे बूट

मागच्या आठवड्यात गाडी जॅकवर उचलून स्टॅण्डवर कशी टेकवायची ते पाहिलं. आज पुढचं चाक उतरवल्यावर मागे जे दिसतं, त्यातल्या एकाच वस्तूकडे बघू. ब्रेकच्या डिस्कमागून एक लोखंडी दांडा गाडीच्या मध्याकडे जातो. तो टाय रॉड. आत जिथे तो दिसेनासा होतो, तिथे काळ्या रबराची, घड्याघड्यांची नळी असते, पेटीच्या भात्यासारखी. तो स्टेअरिंग रॅकचा बूट. डावीकडे एक, उजवीकडे एक.

जुन्या पद्मिनीत हा प्रकार नव्हता. तिच्या स्टेअरिंगचे गिअर एका बंद पेटीत असायचे. आजच्या बहुतेक मोटारींत रॅक आणि पिनियन असतात. आपण स्टेअरिंग फिरवलं की खालचं छोटं दातेरी चाक फिरतं, आणि त्यात अडकलेली दातेरी सळई डावी-उजवीकडे सरकते. एका बाजूला टोकापर्यंत वळवलं तर ती सहा-सात सेंटिमीटर तरी बाहेर येते. म्हणून रबराला घड्या. शिवाय खड्ड्यातून जाताना चाक वरखाली होतं आणि सळई मात्र सरळच सरकते. त्या दोघांना जोडायला सळईच्या टोकाशी एक गोळ्याचा सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. हा सांधा बूटच्या आत, ग्रीसमध्ये असतो. बूट एवढंच करतो : ग्रीस आत ठेवतो आणि माती-पाणी बाहेर. काही शे रुपयांचं हे रबर फाटलं आणि तसंच राहिलं, तर पुढे हजारांत जाणारा रॅक बदलावा लागतो.

आमचं घर चिपळूणजवळ. जून ते सप्टेंबर रस्त्यावरून वाहणारं पाणी जांभ्याच्या मातीनं तांबडं असतं. ह्या वर्षी गणपतीनंतर आमच्या जुन्या वॅगन आरचं डावं चाक काढलं, तर बूटच्या तिसऱ्या घडीत बोटभर चीर होती. घडी बोटांनी उघडली आणि आतून विटकरी रंगाचं, दह्याएवढं दाट काहीतरी ओघळलं. ते चिमटीत चोळलं तर कचकच लागली. ग्रीस, पाणी आणि जांभ्याची भुकटी. वळणावळणाला तो सांधा त्याच कचीत घासला जात होता, आणि गाडी चालवताना काहीही जाणवत नव्हतं. आवाज नाही, ओढ नाही. हे दुखणं हाताला कळेपर्यंत सांधा झिजलेला असतो, म्हणून ते डोळ्यांनीच शोधायचं. दर सर्व्हिसिंगला स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, ताणलेल्या बूटच्या घड्यांच्या तळाशी टॉर्च मारा, मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करा. चीर बहुधा घडीच्या खोबणीत सुरू होते. मिटलेल्या बूटवर ती दिसत नाही.

हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत बूटमधून पातळ तेल निघालं तर मात्र थांबा. ते रॅकच्या आतल्या सीलचं गळणं आहे. बूट बदलून फक्त ते झाकलं जाईल. आमच्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, तिची मोटर वर स्टेअरिंगच्या दांड्यावर बसते. रॅकमध्ये ग्रीसच असतं.

कामाला लागण्याआधी सांध्याची परीक्षा. चाक अजून लावलेलंच असताना, गाडी उचललेली असताना, ते डाव्या-उजव्या कडांना धरून आतबाहेर हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बूटवरून सांध्यावर हात ठेवायला सांगा. 'टक्' असं काही हाताला लागलं तर सांधाच गेला आहे. तो बदलायचा, नवा बूट त्याच्यावर फुकट घालवायचा नाही. आमचा वाचला होता.

आता काम. हॅण्डब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड, आणि गाडीचं वजन स्टॅण्डवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. हे मी प्रत्येक लेखांकात सांगणार. टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला, जिथे तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, जोडला जातो, टाय रॉड एंड असतो. तो टाय रॉडवर आट्यांनी बसवलेला असतो आणि मागून एका चेकनटनं आवळलेला असतो. बूट बाहेर काढायचा तर एंड आणि चेकनट दोन्ही काढावे लागतात. आदल्या रात्रीच आट्यांना तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी चेकनटच्या आतल्या कडेशी आट्यांवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. मग एक पाना एंडवर धरून दुसऱ्यानं चेकनट पाव फेरा सैल करायचा, जास्त नाही.

नकलमधला एंडचा बोल्ट निमुळता असतो, खुंटी ठोकून बसवावी तसा आपल्या भोकात घट्ट रुतलेला. त्याचा स्प्लिट पिन काढा, नट सोडा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. नवशिके इथे बोल्टच्या टोकावर हातोडी मारतात आणि आटे बसवून टाकतात. हातोडी मारायची ती नकलच्या त्या कानावर, बाजूनं, ज्याच्यात बोल्ट रुतला आहे. दोन-तीन सणसणीत ठोके बसले की कान क्षणभर दबतो आणि बोल्ट आपसूक सुटून खाली येतो. पुलर असेल तर त्याहून उत्तम.

ह्यानंतरचं काम मन लावून करायचं : एंड उलटा फिरवत काढताना फेरे मोजायचे. माझी मुलगी खडू घेऊन भिंतीवर एकेक रेघ मारत होती, पाचवी आडवी. साडेसतरा फेरे झाले. अर्ध्या फेऱ्याचीही नोंद हवी, कारण आट्याचं अंतर बहुधा सव्वा किंवा दीड मिलिमीटर असतं. एका फेऱ्यानं टाय रॉडची लांबी तेवढी बदलते आणि चाकाच्या कडेपर्यंत तो फरक दुपटीहून जास्त होतो. मोजणी चुकली तर गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेतानाही टायर रस्त्यावर खरडत जाईल.

मग बाहेरची छोटी क्लिप पक्कडीनं दाबून सरकवा, आतला पत्र्याचा पट्टा कापा, आणि बूट ओढून घ्या. सांध्यावरची सगळी घाण फडक्यानं पुसून काढा. फडकं कोरडं निघेपर्यंत पुसा, ह्याला मला अर्धा तास लागला. केरोसीन फवारू नका, ते रॅकच्या आत जाऊन चांगलं ग्रीस पातळ करतं. सांध्यावर नवं लिथियम ग्रीस बोटानं भरा. नव्या बूटच्या बारीक तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. काही बूट रबराचे नसून कडक प्लास्टिकसारखे असतात. ते पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवले आणि नीट पुसले की निमूट चढतात. मोठं तोंड रॅकवरच्या खोबणीत पूर्ण बसलं आहे का ते बोट फिरवून बघा. काही गाड्यांत हवेची नळी बूटला जोडलेली असते, तिचं भोक जुळवा; एका बाजूचा बूट दबतो तेव्हा त्यातली हवा दुसऱ्या बाजूला जावी लागते. आतला पट्टा पत्र्याचाच वापरा. प्लास्टिकचा टाय बरेच जण लावतात, मला तो पटत नाही. एका बाजूचा बूट वयानं गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, दोन्ही बदला.

जोडणी उलट्या क्रमानं. चेकनट रेघेपाशी, एंड साडेसतरा फेरे. नकलमधला नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं आवळा. स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही, तर नट आणखी थोडा आवळून जुळवायचा, सैल करून कधीच नाही. पिन नवाच. बोल्ट नटाबरोबर फिरायला लागला तर खालून एंडला जॅकनं हलका दाब द्या, निमुळता भाग पुन्हा रुततो. शेवटी स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बूटच्या घड्या बघा. त्या सारख्या उघडल्या-मिटल्या पाहिजेत, कुठे पीळ नको.

पिळाचं एवढं का, ते पुढे कळलं. आमचा जुना बूट टेबलावर ठेवला तर तो सरळ उभा राहीना. घड्या दोरीसारख्या पिळलेल्या होत्या आणि चीर बरोबर पिळाच्या रेषेत गेली होती. अलाइनमेंट करताना टाय रॉड फिरवावा लागतो. तेव्हा छोटी क्लिप सैल नसेल, तर बूटचं बारीक तोंड टाय रॉडबरोबर फिरतं, मोठं तोंड जागेवर राहतं, आणि रबर पिळवटून तसंच राहतं. मग वळणागणिक ताण त्याच एका रेषेवर. आमचा बूट वयानं नाही, असाच गेला होता.

टाय रॉड उघडल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. दुकानातल्या मुलानं चेकनट सैल केला आणि सरळ टाय रॉडला पाना लावला. मी त्याला थांबवलं.

"बाळा, आधी बूटची क्लिप सोड."

"काका, कशाला? असाच फिरतो की."

मी पिशवीतून जुना बूट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो पिळाच्या उलट दिशेनं फिरवून सरळ केला, सोडला. बूट पुन्हा पिळला गेला. त्यानं काही न बोलता पक्कड घेतली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा मागे सरकवल्या, रॉड फिरवले, चेकनट आवळले. मग बूटच्या दोन्ही तोंडांना बोट लावून घड्या सरळ केल्या आणि क्लिपा परत जागी आणल्या. मागच्या रांगेत एक टॅक्सी उभी होती. तिच्या खाली जातानाही त्यानं पक्कड बरोबर नेली.