विमान, कुंभाराचं गाढव आणि कारणाचा शोध

मागच्या व्याख्यानात नैयायिकांची कारणाची व्याख्या आपण पाहिली. कार्याच्या आधी नियमाने असणारं आणि अन्यथासिद्ध नसलेलं, ते कारण. कुंभाराचं गाढव माती आणतं, पण ते घटाचं कारण नव्हे. हे गाढव आज कशाला हवं, असं काहींनी नंतर विचारलं. म्हणून आज विमान घेऊ.

5 मार्च 2015. हॅरिसन फोर्ड हे नट कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून स्वतःचं छोटं विमान घेऊन निघाले. 1942 सालचं, रायन कंपनीचं, शिकाऊ वैमानिकांसाठी बनलेलं. वर चढत असतानाच इंजिनाची ताकद गेली. धावपट्टीपर्यंत परत पोचणार नाही हे दिसल्यावर त्यांनी जवळच्या गोल्फ मैदानाकडे विमान वळवलं. झाडाचा शेंडा लागला, विमान आपटलं. फोर्ड जबर जखमी झाले, पण वाचले.

नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने कार्ब्युरेटर उघडून पाहिला. इंधन मापून सोडणारं मुख्य जेट आपल्या जागेवरून सुटलेलं! त्यामुळे इंधन अवाच्या सवा येऊ लागलं, हवा त्या मानाने कमी. इंजिन उपासाने नव्हे, अजीर्णाने गेलं म्हणा ना.

आता अहवालाची भाषा बघा. जेट सुटणं हे ‘संभाव्य कारण’. कार्ब्युरेटरच्या देखभालीच्या पुरेशा सूचना नव्हत्या, हे साहाय्यक कारण. आणि खांद्याचा पट्टा चुकीचा बसवलेला होता, ही गोष्ट वेगळी नोंदवली आहे, कारण त्यामुळे विमान पडलं नाही, जखमा वाढल्या. अपघाताच्या दृष्टीने पट्टा म्हणजे ते गाढवच. जखमांच्या दृष्टीने मात्र खरं कारण. कार्य कोणतं, हे आधी ठरवल्याशिवाय कारण विचारताच येत नाही. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून लोक मोकळे होतात, त्यांनी निदान एवढं तरी लक्षात घ्यावं.

शिवाय कारण म्हणजे दोष नव्हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातलं तेरावं परिशिष्ट सांगतं, की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच. दोष ठरवणं नाही. आपल्या नियमांतही तेच आहे. अमेरिकेत तर नुकसानभरपाईच्या दाव्यात बोर्डाचा अहवाल पुरावा म्हणून वापरता येत नाही. शिक्षेची धास्ती असली, की माणूस खरं सांगत नाही, हा त्यामागचा व्यवहार.

एक अडचण उरतेच. पुस्तिकेत न लिहिलेली सूचना, म्हणजे जी गोष्ट नव्हतीच, ती कारण कशी होईल? नैयायिक अभावाला पदार्थ मानतात, ते इथे कामी येतं. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.