किमान दर आणि खरेदी अधिकाऱ्याचा निर्णय

बीजसंज्ञा : सार्वजनिक खरेदी, निविदा, विनिर्देश, लेखापरीक्षण

प्रस्तावना :
कोणत्याही संस्थेच्या अंदाजपत्रकातील वेतन वजा जाता जी रक्कम उरते, तिचा मोठा भाग खरेदीवर खर्च होतो. तरीही खरेदी अधिकाऱ्याच्या कामाकडे कारकुनी काम म्हणूनच पाहिले जाते : तीन दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा, सर्वांत कमी दराच्या पुरवठादारास आदेश द्यावा. हे काम इतके सोपे असते तर त्यासाठी अधिकाऱ्याची गरजच पडली नसती. बहुसंख्य महाविद्यालयांत स्वतंत्र खरेदी अधिकारी नसतो. ती जबाबदारी खरेदी समितीचे सदस्य म्हणून प्राध्यापकांवरच येते. त्यामुळे किमान दराचा नियम नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

पार्श्वभूमी :
ब्रिटिश काळात सरकारला लागणाऱ्या मालाची मोठी खरेदी लंडनमार्फत होत असे. 1916 ते 1918 या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगाने ही खरेदी भारतातूनच व्हावी अशी शिफारस केली आणि 1922 मध्ये भारतीय भांडार विभाग स्थापन झाला. पुढे त्यातूनच पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय विकसित झाले. 2016 मध्ये शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे ‘जेम’ पोर्टल, सुरू झाल्यावर ते महासंचालनालय 2017 मध्ये बंद करण्यात आले. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागानेही भांडार खरेदीची सुधारित कार्यपद्धती 2016 मध्येच लागू केली. खरेदीचे साधन बदलले. निर्णयाची जबाबदारी मात्र होती तिथेच राहिली.

नियमाचा खरा आशय :
केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमावलीतील (2017) नियम 144 सार्वजनिक खरेदीची मूलतत्त्वे सांगतो. मालाचे विनिर्देश गरजेनुसार स्पष्ट असावेत, निवडलेला देकार ती गरज पुरेशी भागवतो याची खात्री करावी आणि किंमत वाजवी व दर्जाशी सुसंगत असावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे किमान दराचा विचार येतो तो विनिर्देश पूर्ण करणाऱ्या देकारांपुरताच. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत तांत्रिक लिफाफा आधी उघडण्याचे कारण हेच होय. व्यवहारात मात्र हा क्रम उलटा होतो. दराकडे लक्ष आधी जाते आणि विनिर्देश हा रकाना भरण्याचा मजकूर ठरतो.

केवळ उदाहरणादाखल कार्यालयीन प्रिंटरची खरेदी घेता येईल. एका यंत्राची किंमत 9,000 रुपये असून त्याचे 1,500 रुपयांचे काडतूस 1,500 पाने छापते. दुसरे यंत्र 14,000 रुपयांचे असून त्याचे 2,400 रुपयांचे काडतूस 6,000 पाने छापते. एकूण 60,000 पानांचा हिशेब केला तर पहिल्याचा खर्च 69,000 आणि दुसऱ्याचा 38,000 रुपये होतो. तुलनात्मक तक्त्यात केवळ यंत्राची किंमत असल्यास पहिलेच यंत्र ‘स्वस्त’ ठरते आणि नियमही पाळला जातो. चूक नियमाची नसते. काडतुसाचा खर्च मूल्यमापनात धरला जाईल, असे निविदेतच लिहिले गेले नाही, ही चूक असते. निविदा उघडल्यावर असा निकष नव्याने आणता येत नाही, आणि आणूही नये. प्रयोगशाळेसाठी ‘चांगल्या प्रतीचे सूक्ष्मदर्शक’ मागवणाऱ्या विभागाने नंतर दर्जाबद्दल तक्रार करणे म्हणूनच व्यर्थ असते. वस्तिकेची वर्धनक्षमता, प्रकाशयोजना, हमीचा कालावधी आणि दुरुस्तीची सोय हे त्या विषयाच्या प्राध्यापकानेच लिहून द्यावयाचे असते.

याउलट, विशिष्ट उत्पादकाचे माहितीपत्रक समोर ठेवून विनिर्देश तयार करणे हाही दोषच. स्पर्धेचे नाव राहते, स्पर्धा संपते. (एकाच हस्ताक्षरातील तीन दरपत्रके अनेक नस्त्यांत आढळतात, त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.) मार्चअखेरची घाई या दोन्ही दोषांना खतपाणी घालते. शेवटच्या महिन्यांतील खर्चाची अशी घाई हा वित्तीय औचित्याचा भंग असल्याचे नियमावलीतच नमूद आहे.

औषध खरेदीचा अनुभव :
जेथे दर्जाची चूक जिवावर बेतू शकते, त्या औषध खरेदीत तामिळनाडूचे उदाहरण लक्षणीय आहे. 1994 मध्ये स्थापन झालेले तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ निविदेतील कमी दराचा लाभ घेतेच. परंतु माल जिल्हा गोदामात आल्यावर त्याचे नमुने उत्पादकाची ओळख झाकून प्रयोगशाळेकडे जातात आणि चाचणीत उत्तीर्ण झाल्यावरच तो वितरित होतो. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलेले असते. ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत ते गरजेप्रमाणे औषधे उचलते, त्यामुळे मागणीचा अंदाज प्रत्यक्ष वापरावरून करता येतो. राजस्थानने 2011 मध्ये याच धर्तीवर महामंडळ उभारले. महाराष्ट्रात ही खरेदी 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवण्यात आली आणि 2023 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. खरेदी एका छत्राखाली आणणे हा या व्यवस्थेचा केवळ एक भाग आहे. चाचणी, साठ्याची नोंद आणि पुरवठादाराचे देयक वेळेवर अदा होणे यांशिवाय कमी दर टिकत नाही.

भीती आणि नोंद :
हे सर्व ज्ञात असूनही अधिकारी किमान दराकडेच का वळतो? कारण तोच निर्णय सर्वांत सुरक्षित वाटतो. किमान देकार नाकारणाऱ्यास खुलासा द्यावा लागतो, निकृष्ट माल स्वस्तात घेणाऱ्यास बहुधा कोणी विचारत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या जुन्या कलम 13 मध्ये, लोकहिताशिवाय दुसऱ्यास आर्थिक लाभ मिळवून देणे एवढेही अपराध ठरण्यास पुरे होते. 2018 च्या दुरुस्तीने ते उपकलम वगळले. पुढे 2021 मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने बांधकामे व सल्लागारेतर सेवांसाठीही काही अटींवर दर्जा व किंमत यांच्या एकत्रित गुणांकनास परवानगी दिली. त्यात दर्जाचा भार 30 टक्क्यांपर्यंत ठेवता येतो.

तथापि, अशी मुभा असली तरी अधिकाऱ्याचे खरे संरक्षण नियम 144 मधील आणखी एका तरतुदीत आहे. खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या बाबी विचारात घेतल्या, याची नेमक्या शब्दांत नोंद करावी, असे ती सांगते. लेखापरीक्षण पुष्कळदा काही वर्षांनी होते. तोवर अधिकारी बदलून गेलेला असतो, समितीतील प्राध्यापकही निवृत्त झालेले असतात. त्या वेळी ‘समितीने सर्वानुमते मंजुरी दिली’ या वाक्याचा उपयोग होत नाही. किमान देकारातील यंत्र कोणत्या चाचणीत आणि किती फरकाने कमी पडले, हे त्याच दिवशी टिपणीत लिहून त्यावर सदस्यांच्या स्वाक्षऱ्या घेतलेल्या असाव्या लागतात.