पदवीपत्र ही हुंडी नव्हे

विद्यापीठाचे पदवीपत्र म्हणजे काय, असा प्रश्न पेठेतील एखाद्या व्यापाऱ्यास केला, तर ती चार वर्षांच्या मुदतीची हुंडी होय असेच उत्तर बहुधा मिळेल. फीचा भरणा झाला, मुदत भरली, आता कोणी तरी ती पटवावी ही त्याची अपेक्षा. आणि न पटल्यास शिक्षण बुडीत खाती! परंतु हुंडी ज्याच्यावर लिहिलेली असते त्याचे नाव तिच्यावर असते. पदवीपत्रावर असा कोणी देणेकरी नसतो. आमच्या मते तो कागद साक्षीदाराच्या जबानीच्या जातीचा आहे. अमुक मनुष्यास अमुक विषयात आम्ही तपासले व तो कसोटीस उतरला, एवढीच साक्ष विद्यापीठ त्यात देते. आणि साक्षीची किंमत साक्षीदाराच्या सचोटीवर ठरते, हा कोर्टातला नियम येथेही लागू आहे.

1857 साली लंडनच्या नमुन्यावर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ प्रारंभी शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. 1862 साली त्याचे पहिले बी. ए. निघाले ते अवघे चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. त्या कागदास वजन शिक्क्यामुळे आले म्हणावे, तर तोच शिक्का पुढे हजारोंच्या कागदांवर उमटला; त्या सर्वांस रानडे-भांडारकरांची योग्यता आल्याचे ऐकिवात नाही. पदवी मिळाल्यावरही त्यांचे अध्ययन थांबले नाही, हे खरे कारण.

उलट शिक्क्यावाचूनही पदवीस अर्थ असू शकतो. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले व मातृभाषेतून शिकवून 'गृहीतागमा' ही पदवी दिली. तीस कायद्याचा आधार मिळण्यास 1949 साल उजाडावे लागले. 1921 साली पुण्यास निघालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठासही परकीय सरकारच्या मान्यतेची गरज वाटली नाही. या पदव्यांनी सरकारी नोकरीचे दार उघडणार नाही, हे घेणारांस ठाऊक होते. तरी त्या घेतल्या गेल्या.

मग बनावट विद्यापीठांनी काय पाप केले, असे कोणी विचारील. कर्व्यांच्या विद्यापीठाची अमान्यता उघड होती. या दुकानदारांची झाकलेली असते. पदवी देण्याचा अधिकार कोणास, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातील 22 व्या कलमाने ठरविले. मात्र तो मोडणारास 24 व्या कलमात दंड ठेवला तो एक हजार रुपयांपर्यंतचा! फसवणुकीचा खटला निराळा, हे मान्य. पण एका विद्यार्थ्याच्या फीतूनही जो फिटतो त्यास दंड म्हणण्यास आमची जीभ कचरते. आयोग बनावट संस्थांची यादी प्रसिद्ध करीत आला आहे. व्यवहारापूर्वी सात-बारा पाहणारा बाप मुलाची फी भरण्यापूर्वी ती यादी का पाहात नाही?

एक गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंस उद्देशून. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने 2018 साली शिक्षणसंस्थांस बजावले. तो हुकूम पेढ्यांवर नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नोकराने मध्येच काम सोडू नये म्हणून त्याचे पदवीपत्र तिजोरीत ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे. दुसऱ्याची साक्ष गहाण घेता येत नाही. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी नक्कल ठेवून मूळ कागद दिवाळीपूर्वी ज्याचे त्यास परत करावे.