टिबिट तळ्यापुढे रस्ता नाही

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये गोड्या पाण्याची दोन अफाट सरोवरे आहेत. दक्षिणेकडचे ग्रेट स्लेव्ह 614 मीटर खोल. उत्तर अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. त्याच्या वायव्येला, आर्क्टिक वृत्तावर पसरलेले ग्रेट बेअर सुमारे 31,000 चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळपास आपल्या अख्ख्या कोकण विभागाएवढे. त्याच्या काठी गाव मात्र एकच, डेलिने, तेही काहीशे वस्तीचे. लेक ट्राउट, ग्रेलिंग आणि पाइक या माशांसाठी जगभरचे हौशी मासेमार इथे येतात. 1995 मध्ये ग्रेट बेअरमध्ये 72 पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोंहून जड लेक ट्राउट गळाला लागला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा पाण्यापर्यंत पोहोचायचे तर गाडी आणि विमान यांपैकी एक निवडून सहसा भागत नाही. गाडी ठरावीक ठिकाणापर्यंतच नेते, त्यापुढे विमान लागते आणि या दोन्हींचे वेळापत्रक बर्फ ठरवतो.

गाडीचा प्रवास बहुधा अल्बर्टातील एडमंटनहून सुरू होतो. तिथून प्रादेशिक राजधानी यलोनाइफ सुमारे 1,450 किलोमीटर. ग्रिमशॉ या छोट्या गावापाशी मॅकेंझी महामार्गाचा शून्य मैल आहे. तेथून शेते मागे पडतात आणि स्प्रूस व पॉप्लरचे जंगल सुरू होते. हाय लेव्हल हे वाटेतले शेवटचे बऱ्यापैकी मोठे गाव. साठाव्या अक्षांशावर अल्बर्टा प्रांताची हद्द संपते. पुढे ‘हे’ नावाच्या नदीवरचा 32 मीटर उंचीचा अलेक्झांड्रा धबधबा रस्त्यालगतच आहे. घाई नसलेल्या मासेमाराला काकिसा नदीत ग्रेलिंग आणि त्याच नावाच्या तळ्यात वॉलआय मिळतो. वॉलआयला इथले लोक पिकरल म्हणतात आणि पाइकला जॅकफिश.

या मार्गावरचा सर्वांत मोठा अडथळा होता मॅकेंझी नदी. यलोनाइफपर्यंत रस्ता 1960 च्या सुमारास पोहोचला. त्याआधी उन्हाळ्यात ‘हे रिव्हर’ गावाच्या बंदरातून तराफ्यांवर माल चढवून ग्रेट स्लेव्ह सरोवरातून नेत असत आणि हिवाळ्यात ट्रॅक्टर गोठलेल्या पाण्यावरून स्लेजगाड्या ओढत. रस्ता झाला तरी फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ नदी आडवी होतीच. उन्हाळ्यात तिथे फेरीबोट चाले, हिवाळ्यात बर्फावरून वाट होई. पण वसंतात बर्फ फुटताना आणि शरदात तो धरताना यांपैकी काहीच चालत नसे. काही आठवडे राजधानीचा रस्ता तुटे, भाजीपाला विमानाने येई आणि महाग होई. 30 नोव्हेंबर 2012 रोजी 1,045 मीटर लांबीचा देह चो पूल खुला झाला आणि ही दरवर्षीची कोंडी संपली. उत्तरेकडच्या दळणवळणात अलीकडच्या काळात याहून मोलाचे काम झालेले नाही.

पुलानंतरचा टप्पा मात्र निर्मनुष्य आहे. फोर्ट प्रॉव्हिडन्स ते बेहचोको या दोनशे किलोमीटरांत पेट्रोलपंप नाही. टाकी भरलेली, जादा चाक तपासलेले, खाण्यापिण्याचे सामान जवळ, एवढी तयारी लागतेच. रस्त्याच्या कडेला मॅकेंझी बायसन अभयारण्य आहे. 1963 मध्ये सोडलेल्या 18 रानबायसनपासून इथला कळप वाढला. ही जनावरे रस्त्यावर निवांत उभी राहतात, आणि त्यांचे गडद अंग रात्री दिव्यांच्या झोतातही उशिरा दिसते. म्हणून जाणते चालक अंधार पडल्यावर वेग कमी ठेवतात. जूनमध्ये इथे रात्र जवळजवळ नसतेच. ऑगस्टअखेर ही काळजी खरी होते. बेहचोकोनंतर खडकाळ भूभाग लागतो. खालची कायम गोठलेली जमीन कुठे वितळून खचते, कुठे फुगते, आणि डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. नाव ओढून नेणाऱ्यांनी हा भाग सावकाशच पार करावा.

यलोनाइफहून पूर्वेला इंग्राहम ट्रेल नावाचा रस्ता सुमारे सत्तर किलोमीटर जातो. प्रॉस्परस, प्रील्यूड, रीड अशी तळी त्याच्या काठाने आहेत. स्वतःची नाव असलेल्या कुटुंबाला इथे विमानाशिवाय उत्तम मासेमारी करता येते, आणि खर्चाच्या मानाने हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. टिबिट तळ्यापाशी हा रस्ता संपतो. तिथून पुढे हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारी वाट मुख्यतः गोठलेल्या तळ्यांवरून जाते आणि हिवाळ्याचे काही आठवडेच टिकते. मासेमारीच्या हंगामात त्या जागी नुसते पाणी असते.

गाडीचे दोन दिवस वाचवायचे तर एडमंटन किंवा कॅलगरीहून जेट विमान सुमारे दोन तासांत यलोनाइफला पोहोचते. पण खरी उत्तर तिथून पुढे, लहान विमानांच्या पल्ल्यात आहे. वैमानिक पंच डिकिन्स यांनी 1928 मध्ये झाडोरा नसलेल्या बॅरन लँड्सवरून विमान नेले. खनिज शोधणाऱ्यांमागोमाग विमाने तळ्यातळ्यांवर उतरू लागली. मॅक्स वॉर्ड यांनी 1946 मध्ये एका छोट्या फॉक्स मॉथ विमानावर यलोनाइफमध्ये व्यवसाय सुरू केला. पुढे त्यातूनच वॉर्डएअर ही मोठी कंपनी उभी राहिली. 1947 मध्ये डी हॅविलँड कॅनडा कंपनीचे बीव्हर विमान आले. आखणीआधी कंपनीने उत्तरेतल्या वैमानिकांना काय हवे ते विचारले होते. थोड्या पाण्यावरून विमान उठवणारे बळकट इंजिन आणि इंधनाचे पिंप आत ढकलता येईल एवढे रुंद दार, हे त्यांच्या रोजच्या गरजेतून आले. सोळाशेहून अधिक बीव्हर बनली आणि त्यांतली कित्येक आजही उडतात. मोठ्या गटांसाठी दोन इंजिनांचे ट्विन ऑटर असते. उन्हाळ्यात फ्लोट, हिवाळ्यात स्की, धावपट्टी असेल तिथे चाके: पायांची ही अदलाबदल म्हणजेच या विमानांची ऋतुचर्या.

लहान विमानात माणसांइतकेच सामानाचे वजन महत्त्वाचे. प्रत्येक पिशवी तोलली जाते; कडक पेटीपेक्षा मऊ पिशवी बरी, कारण ती कोपऱ्यात दाबून बसते. गळाच्या काठ्या जोडाच्या असाव्यात. ही उड्डाणे बहुतेक डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवर चालतात, त्यामुळे धुके, ढग किंवा वणव्याचा धूर आला की विमान थांबते. परतीच्या मोठ्या विमानाआधी निदान एक मोकळा दिवस ठेवणे आवश्यक आहे. ऑगस्ट 2023 मध्ये वणव्यांमुळे यलोनाइफच्या सुमारे वीस हजार रहिवाशांना शहर सोडावे लागले. त्यासाठी रस्ता एकच होता, आणि त्याच मार्गावरचे एंटरप्राइज गाव बहुतेक जळून गेले होते.

हंगाम अगदी आखूड. ग्रेट स्लेव्हवरचा बर्फ साधारण जूनमध्ये हटतो. ग्रेट बेअरवर तर बर्फ जुलैपर्यंत रेंगाळतो, म्हणून तिथले लॉज मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्येच चालतात. बर्फ उशिरा फुटला तर पहिल्या आठवड्याचे आरक्षण पुढे ढकलावे लागते.

हे पाणी थंड आणि अन्न कमी असल्याने मासे फार हळू वाढतात. मोठा लेक ट्राउट कित्येक दशकांचा असतो. असा मासा मारला तर त्याची जागा भरायला एक पिढी जाते. म्हणून बहुतेक लॉजमध्ये मोठे मासे मोजून, छायाचित्र घेऊन पुन्हा पाण्यात सोडतात आणि दुपारच्या जेवणापुरते लहान मासे ठेवतात. मासेमारीचा परवाना प्रत्येकाला लागतोच. या पाण्यावर पहिला हक्क इथल्या मूळ रहिवासी डेने लोकांचा आहे. डेलिनेला 2016 मध्ये स्वशासन मिळाले आणि त्याच वर्षी ग्रेट बेअरच्या परिसराला युनेस्कोने जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली. ग्रेट स्लेव्हच्या पूर्व फाट्यालगत 2019 मध्ये थायडेने नेने राष्ट्रीय उद्यान राखीव क्षेत्र स्थापन झाले. त्याचा कारभार लुत्सेल के या डेने समाजाच्या भागीदारीने चालतो. तिथे नाव लावण्याआधी किंवा तंबू ठोकण्याआधी त्यांचे नियम पाहून घ्यावे लागतात.